वाट सोडावी, की वाट मागावी?

॥ श्री गुरुभ्यो नमः ॥



शेजाऱ्याने गडगा घातला, वाट बंद झाली, की साधकाला हमखास एक सल्ला मिळतो: "सोडून द्या हो, जमीन काय वर घेऊन जायची आहे?" मला हा सल्ला कधी पटला नाही. कारण तो नेहमी ज्याची वाट अडली त्यालाच मिळतो. अडवणाऱ्याला जाऊन कोणी "माया आहे सगळी" असं सांगत नाही.

आपल्या शास्त्रकारांनीही हा विषय झटकलेला नाही. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात सीमेच्या वादाबद्दल सविस्तर सांगितलंय. मेरेवर वड-पिंपळासारखी झाडं लावा, आणि जमिनीत कोळसा, हाडं, तूस, खापऱ्या पुरून ठेवा, म्हणजे खूण कोणाला पुसता येणार नाही. माणूस मेर सरकवतो हे त्यांना चांगलंच ठाऊक होतं!

नार्वे, डिचोली, पेडणे या आपल्या भागात तर घरंच अशी आहेत. भाटकाराच्या भाटात मुंडकाराचं घर, एकाच्या आंगणातून दुसऱ्याची पायवाट, तिसऱ्याच्या माडांमधून विहिरीकडे जायचं. पूर्वी कोणी विचारत नव्हतं. आता वाटण्या झाल्या, जमिनीला भाव आला, चिऱ्यांचे गडगे उठले. तिरडी आडवी करून न्यावी लागली, असंही घडलेलं आहे.

पण गडगा घालणारा प्रत्येक जण दुष्ट असतो असंही नाही. त्याला भीती असते. १८८२ च्या सुखाधिकार कायद्याप्रमाणे एखादी वाट कोणी २० वर्षं उघडपणे, बिनतक्रार, हक्काने वापरली, तर ती त्याच्या हक्काचीच होते. मग लोक म्हणतात, आजोबांचा चांगुलपणा नातवाला महाग पडला. थोडं खरंही आहे ते. गप्प राहून दिलेल्या गोष्टीला दान म्हणायचं की दुर्लक्ष, हे २० वर्षांनी कोण सांगणार?

याच कायद्यातली दुसरी बाजू मात्र फारशी कोणी सांगत नाही. परवानगीने वापरलेल्या वाटेवर असा हक्क तयार होत नाही. म्हणजे "ये बाबा, जा माझ्या आंगणातून, पण जागा माझी हं" असं मोकळेपणी बोललं, एका कागदावर दोघांनी सही केली, तर देणाऱ्याला भीती उरत नाही. आपल्याकडे असं लिहून मागणं म्हणजे अविश्वास वाटतो. मला तर उलट वाटतं. तोंडाने न बोलता मनात हिशेब ठेवणं, हाच खरा अविश्वास.

मागणाऱ्यानेही जपून मागावं. पायवाटेचा हक्क म्हणजे जमिनीची मालकी नव्हे. पायवाट मिळाली म्हणून तिथून जीप न्यायचा हक्क आपोआप येत नाही. पण घरातलं म्हातारं माणूस आजारी पडलं आणि खुर्चीत बसवून चौघांनी उचलून रस्त्यापर्यंत आणावं लागलं, तर? कागदावर पायवाट ती पायवाटच. अशा वेळी गाडीपुरती जागा देणं कायद्याने भाग नाही. तरीही न देणाऱ्याला रात्री झोप कशी लागते, हा माझा प्रश्न आहे.

सप्तकोटेश्वराचंच बघा ना. दिवाडी बेटावरचं देऊळ पोर्तुगिजांनी पाडलं, तेव्हा देव नदी ओलांडून नार्व्याला आले. १६६८ साली शिवाजी महाराजांनी देवळाचा जीर्णोद्धार केला. हद्दीपलीकडून आलेल्या देवाला जागा मिळाली, आणि त्याच देवाला नमस्कार करून घरी येणारे आपण तीन फुटांसाठी चुलत्याशी बोलणं टाकतो.

म्हणून अन्याय सोसत बसा असं मी म्हणणार नाही. वाट अडली तर मामलेदाराकडे अर्ज करता येतो, आणि तो करणं पाप नाही. फक्त त्याआधी एकदा शेजाऱ्याच्या दारात जाऊन बसावं, वकिलाची नोटीस न घेता.

आमच्या ओळखीतल्या दोन घरांनी असंच बसून ठरवलं. गडगा झाला, पण त्यात एक फाटक ठेवलं. चावी दोन्ही घरांत. चतुर्थीला गणपती त्याच फाटकातून जातो. धाकट्या मुलाला आता स्कूटर न्यायची आहे, त्यावर बोलणं अजून चालू आहे. दोन्हीकडच्या काकी चिडल्यात, पण चहा मात्र बंद झालेला नाही.

॥ श्रीगुरुचरणी अर्पण ॥