हळदीचा कागद विसरलास?

आधी तो पाइप बंद कर. आणि हातातला अत्तराचा फवारा खाली ठेव. मी गाडी धुवायला आलेले नाही, तुझ्याशी बोलायला आलेय. तुझ्या या दोन पोरांसमोरच बोलणार, कारण तू जे करतोस तेच ती शिकतात.

गुरुवारी ताईला घेऊन मी डेरवणला दवाखान्यात गेले. गाडी शाळेत तुझ्याच बाकावर बसणाऱ्या तुझ्या मित्राची. अर्ध्या तासाचा रस्ता. उतरलो तेव्हा ताईची साडी मागून ओली. सत्तरी ओलांडलेली बाई दवाखान्याच्या दारात पदर मागे ओढून भिंतीला पाठ लावून उभी राहिली, आत यायला तयार होईना. मी त्याला विचारलं. मान खाली घालून म्हणाला, "बाई, सोमवारी सीटा धुऊन घेतल्या होत्या, अजून वाळल्या नाहीत." सोमवारी धुतलेली सीट गुरुवारी ओली! वरून मोगऱ्याचा भपका आणि खालून कुबट वास. तो तुझ्याकडे तक्रार घेऊन येणार नाही, भिडस्त आहे. म्हणून मी आले.

परत येताना मी पुढच्या सीटवर अंगठा दाबून पाहिला. कापडातून पांढरा फेस वर आला. म्हणजे कपड्यांची पावडर घातली होतीस ना? खोटं बोलू नकोस, ती गोणी मला इथून दिसतेय. आणि मागच्या सीटवर तो लाल डाग कसला? पान नव्हे, सांडलेली आमटी आहे ती. त्याने गाडी दिली तेव्हा डाग पिवळा होता, तू लाल करून दिलास. सातवीत माझ्याच वर्गात हळदीचा कागद केला होतास. त्यावर साबणाचं पाणी टाकलं, कागद लालसर झाला, तेव्हा सगळ्यात मोठ्याने तूच ओरडला होतास. परीक्षेत तोच प्रश्न आला, त्याचे पूर्ण गुण तुला मीच दिले. मग इथे पावडर ओतताना ते सगळं गेलं कुठे? हळद अल्कलीत लाल होते, आम्लात पुन्हा पिवळी होते. त्या डागाला आधी पाण्यात मिसळलेलं व्हिनेगर लावायचं, मग भांड्यांच्या लिक्विडचा अगदी एक थेंब, कारण आमटीत फोडणीचं तेलही असतं. जो पिवळेपणा उरेल तो उन्हावर सोडायचा. उन्हाने हळद उडते, हे तुझी आई तुला सांगेल. पोराच्या शर्टावरचा डाग ती वर्षानुवर्षं तसाच घालवतेय.

तुझं चुकतं कुठे ते मला कळतं. तुझे वडील मुंबईत काळी-पिवळी चालवायचे. 2023 च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून गेली ती पद्मिनी. तिच्या सीटला रेक्झिन होतं. ओलं फडकं फिरवलं, सुकं फडकं फिरवलं, झालं काम. तू लहानपणी तेच पाहिलंस. पण ही कापडाची सीट आहे, बाबा. वरचं कापड बहुतेक पॉलिएस्टरचं, ते स्वतः पाणी फारसं पीत नाही. पाणी विणीतून खाली जातं आणि गादीचा फोम ते पितो. वरून हात फिरवलास की कोरडं लागतं, तू किल्ली देऊन मोकळा होतोस. माणूस बसला की फोम दाबला जातो आणि पाणी वर येतं. ताईच्या साडीला जे लागलं ते हेच.

आणि हा आषाढ आहे, आपलं चिपळूण आहे. दोरीवरचा टॉवेल इथे दोन दिवसांत वाळत नाही. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं, तेव्हा किती गाड्या चिखलात बुडाल्या ते आपण दोघांनीही पाहिलंय. ज्यांनी सीटा काढून, खोळ सोडवून, फोम पिळून वाळवला त्यांच्या गाड्या सावरल्या. ज्यांनी वरवर धुऊन दारं लावून घेतली त्यांच्या गाडीत पुढे कितीतरी दिवस तोच वास घोटाळत राहिला. डोळ्यांदेखत झालेल्या गोष्टीवरून शिकायचं नाही, तर माणसाने शिकायचं कशावरून?

आता मला सर्वांत जास्त लागलेली गोष्ट. त्याने गाडी आणली तेव्हा तू नाक धरून म्हणालास, "काय घाण वास मारतोय रे तुझ्या गाडीला." पोरांसमोर म्हणालास. त्याने ते मला सांगितलं तेव्हा हसण्याचा प्रयत्न केला, पण त्याला ते लागलंय. तो सकाळी सहाला त्या सीटवर बसतो तो रात्रीच उठतो. पेशंट नेतो, चाकरमान्यांना स्टेशनवरून घरी सोडतो, डिझेल वाचावं म्हणून एकटा असला की एसी बंद ठेवतो. तो घाम कष्टाचा आहे. आणि ताज्या घामाला वास जवळपास नसतोच, हेही मी शिकवलंय. घाम म्हणजे पाणी, मीठ, थोडा युरिया. कापडात मुरलेला घाम, अंगाचं तेल आणि त्वचेची मेलेली पापडी यांच्यावर जिवाणू जगतात. ते जे सोडतात त्याचा हा वास. जिवाणूंना हवी ओल आणि ऊब. तू गादीत पाणी ओतून आणि काचा लावून त्यांची सोय केलीस. वास त्याने आणला होता, हे खरं. पण वाढवलास तू, आणि त्याचे पैसेही घेतलेस.

वर मोगरा. सीटखाली डांबरगोळ्याही सापडल्या मला. बंद गाडीत नॅप्थॅलिनची वाफ माणसाने हुंगायची नसते. त्याच्या गाडीत बाळंतिणी बसतात, पंधरा दिवसांची पोरं बसतात. पहिल्यांदा त्या गोळ्या काढून टाक.

आता नीट ऐक, आणि तुम्ही दोघंही ऐका. कापडाच्या सीटला पाण्याच्या आधी व्हॅक्यूम. कोरडी. सीट पूर्ण मागे, मग पूर्ण पुढे, आणि पाठ नि बैठक यांच्यामधल्या खाचेत बोट घालून ती उघडून. तिथे वाळू, चिवड्याचे कण, केस, सगळं साचलेलं असतं. हे न काढता पाणी लावलंत की त्याचा चिखल होतो आणि तो विणीत बसतो. यात घाई करायची नाही. निम्मं काम इथेच होतं.

मग सौम्य लिक्विड साबण पाण्यात घालून फेस करायचा आणि फक्त फेस उचलायचा, पाणी बादलीतच राहू दे. आधी सीटखाली, दिसणार नाही अशा जागी लावून रंग सुटतो का ते बघायचं. मऊ ब्रश, हलका हात. रगडलंत की कापडाला लव सुटते. लगेच ओलसर पांढऱ्या फडक्याने फेस टिपायचा, फडकं धुवायचं, पुन्हा टिपायचं. साबण आत राहिला तर तो चिकट होऊन नवी धूळ धरतो. म्हणून तुझी धुतलेली सीट महिन्याभरात आधीपेक्षा काळी होते, आणि गिऱ्हाईक म्हणतं कापडच वाईट.

आणि डागापुरतं गोल पुसणं आजपासून बंद. त्याच्या सीटवर तीन पिवळट कडी उठलीत, ती तुझीच. ओलं कापड वरून सुकतं, खालचं पाणी मळ आणि मीठ घेऊन वर येतं आणि ओलीच्या कडेला ते सोडून देतं. शिवणीपासून शिवणीपर्यंतचा अख्खा तुकडा सारखा ओलसर करायचा, म्हणजे कड उमटायला जागाच राहत नाही. घामाच्या पांढऱ्या रेघा मिठाच्या असतात. त्यांना साबण नको, साध्या पाण्याचं फडकं दोन-तीनदा दाबून टिपलं की जातात. डोकं टेकतं तिथला काळपट चमकदार पट्टा खोबरेलाचा, त्याला नुसतं पाणी काही करत नाही, भांड्यांचं लिक्विड लागतं. दूध सांडलं, पोर ओकलं, तर गरम पाणी मुळीच नाही. प्रथिनं शिजून कापडाला धरतात. गार पाणी, आणि मग एन्झाइमवालं क्लीनर, तेही ओलसर ठेवून त्याला वेळ द्यायचा. ब्लीच कुठेच नाही. रंग उडतो ते वेगळंच, पण पोराने मुतलेल्या जागी ब्लीच ओतलंत तर विषारी वायू सुटतो, आणि तो छातीत जाणार या पोरांच्या.

सीटचा पट्टाही विसरलास. गळ्याजवळ तो घामाने कडक झालाय. सौम्य साबण आणि पाणी, एवढंच. ब्लीचने त्याचे धागे कमजोर होतात आणि अपघातात जीव त्याच धाग्यांवर असतो. पूर्ण वाळेपर्यंत तो बाहेर ओढून चिमट्याने अडकवून ठेवायचा.

प्रेशरचा पाइप सीटवर मारणं तर गुन्हाच समज. 1 जुलै 2019 पासून नव्या गाड्यांत पुढच्या दोन्ही पट्ट्यांसाठी आठवण देणारी घंटा सक्तीची झाली. ड्रायव्हरशेजारी कोणी बसलंय का हे ओळखणारा सेन्सर बहुतेक गाड्यांत त्या सीटच्या गादीतच असतो, तिथे पाणी जाता कामा नये. काही गाड्यांत सीटच्या कुशीत एअरबॅगही असते. सीटखाली पिवळा जोड दिसला तर त्याला हात लावायचा नाही. सीट काढायची वेळ आली तर मेकॅनिकला बोलाव, बॅटरीची तार तोच सोडवेल.

वाळवणं हे अर्धं काम आहे आणि तू ते करतच नाहीस. पाणी ओढणारी व्हॅक्यूम घे. परवडत नसेल तर कोरडा पंचा टाकून गुडघ्याने दाब, पंचा बदल, पुन्हा दाब. चारी दारं उघडी, शेडमध्ये दोन पंखे. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवून एसीने वाळवायचा शहाणपणा करू नकोस, त्या धुराने माणसं मेली आहेत. पूर्ण कोरडं झाल्यावर खाण्याचा सोडा पसर, रात्रभर ठेव, सकाळी व्हॅक्यूमने ओढून घे. आंबूस वास बराचसा आम्लांचा असतो, तो सोडा मारतो. ओल्या सीटवर सोडा टाकलास तर त्याची पेस्ट होईल आणि विणीत अडकेल, तेव्हा घाई नको.

पावसाळ्यात हे एका दिवसात होत नसेल तर गिऱ्हाइकाला तोंडावर सांग की होत नाही, दोन दिवस लागतील. नाहीतर काम घेऊ नकोस. तुझ्या हाताला काम येतं. शाळेचं मोडलेलं कपाट तू तासलं होतंस, ते अजून उभं आहे. म्हणून तर मी एवढी बोलतेय. ज्याच्याकडून अपेक्षा नसते त्याच्या दारात मी जात नाही.

तो दुपारी दोनला गाडी घेऊन येईल, मी त्याला तसं सांगितलंय. त्याची दोन दिवसांची भाडी बुडतील, ती तू भरून दे. नाक धरून जे बोललास त्याबद्दल याच पोरांसमोर त्याची माफी माग. आणि सीट वाळली की नाही हे हात फिरवून ठरवू नकोस. कोरडा पांढरा पंचा टाक, त्यावर पाच मिनिटं स्वतः बस, उठ, पंचा बघ. तो कोरडा निघाला तरच किल्ली दे. येत्या गुरुवारी ताईला पुन्हा डेरवणला न्यायचंय, आणि आम्ही त्याच सीटवर बसणार आहोत.