दहा हजार पावलं आणि भाताचा बांध

रोज दहा हजार पावलं चालायचा नेम आषाढात धरला, की खरी परीक्षा भाताच्या बांधावर होते. शेवाळावरून पाय घसरतो, चिखलणी केलेल्या खाचरात पोटरीपर्यंत रुततो आणि वर येतो तो चपलेविना.

हा आकडा रूढ झाला १९६५ साली जपानमध्ये विक्रीला आलेल्या पावलं मोजणाऱ्या यंत्रामुळे. पुढे २०१९ साली अमेरिकेतल्या १६,७४१ वयस्क स्त्रियांच्या अभ्यासात साडेसात हजारांनंतर फायदा फारसा वाढत नसल्याचं दिसलं. आकड्यासाठी खाचर तुडवायला नकोच.

पायाला जखम असेल तर मुळीच नको! उंदरांच्या मूत्राने दूषित चिखलातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू तिथून शिरतात. लावणी करणाऱ्यांना हा धोका रोजच पत्करावा लागतो; गमबूट आधी त्यांना मिळायला हवेत.