‘ए’ ऐकलं की हात दाबायचा

कुणाचा तरी हात हातात घ्या. जवळ कुणी नसेल तर स्वतःचा डावा हात उजव्या तळहातावर ठेवा आणि पाठ टेकून बसा. आता मनातल्या मनात दहा अक्षरं म्हणायची आहेत. एकेक करून, मध्ये दोन-तीन सेकंद जाऊ देत. ‘ए’ आलं की हात हलकेच दाबायचा. बाकी अक्षरांना काही करायचं नाही.

एस. ए. व्ही. ई. ए. एच. ए. ए. आर. टी.

हात चार वेळा दाबला गेला असेल. सोपं होतं, इतकं सोपं की आपण काही केलं असं वाटलंसुद्धा नाही. तरी जरा मागे वळून त्या अर्ध्या मिनिटाकडे बघू. ‘ए’ची वाट बघायची आहे, हे तुम्ही धरून ठेवलंत. व्ही आणि ई आले, ते ऐकलेत आणि जाऊ दिलेत. बाहेरून एखादी रिक्षा गेली असेल. मन तिच्यामागे गेलं असेल आणि न बोलावता परत आलं असेल. दोन ‘ए’ लागोपाठ आले तेव्हा दुसऱ्यांदाही दाबायचं, हे कुणी आठवण करून न देता जमलं.

हे जे न बोलावता परत येणं आहे, त्याच्यापाशी थोडा वेळ बसून राहू.

घशात नळी असल्यामुळे बोलू न शकणाऱ्या रुग्णाचा हात धरून अतिदक्षता विभागात हीच अक्षरं म्हटली जातात. अमेरिकेत नॅशव्हिलला वेस्ली ईली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये ही तपासणी रुजवली. दोनपेक्षा जास्त चुका झाल्या तर लक्ष टिकत नाही असं धरायचं. लक्ष अचानक, तासा-दिवसांत ढासळणं आणि दिवसभरात वरखाली होत राहणं, ही डेलिरियमची खूण. आपल्या घरांत याला ‘वात झालाय’, ‘भ्रम झालाय’, ‘बरळतायत’ म्हणतात. मराठी परिभाषेत मुग्धभ्रांती असा एक देखणा शब्द आहे, पण तो वॉर्डात कुणाच्या तोंडी मी ऐकलेला नाही. मूळ लॅटिन शब्दाच्या पोटात मात्र शेत आहे. ‘लिरा’ म्हणजे नांगराचं तास. डेलिरियम म्हणजे तास सोडून गेलेला नांगर. बैल तेच, नांगर तोच, जमीनही तीच, फक्त फाळ ओळीतून निसटलेला. ज्याने कधी नांगर धरला असेल त्याला हे कळायला पुस्तक लागणार नाही.

माझी आत्या सांगलीला असते. चार वर्षांपूर्वी अंगणात घसरून तिचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन नीट झालं. तिसऱ्या दिवशी ती गप्प झाली. ओरडली नाही, सलाईन ओढली नाही, नुसती पडून राहिली. ‘आजी शहाण्यासारख्या पडून आहेत, काही त्रास नाही त्यांचा,’ असं येणारे-जाणारे म्हणाले आणि मीही मान डोलावली. माझं काम प्रयोगशाळेत प्रथिनं मोजण्याचं. शरीरात सूज आली की कोणती प्रथिनं वाढतात, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. मी दोन दिवस तिच्या उशाशी बसले होते आणि मला काही दिसलं नाही.

तिच्या उजव्या हाताकडे बघा, माझ्याबरोबर. चादरीवरून बोटं फिरतायत. अंगठा आणि तर्जनी मिळून काहीतरी खुडतायत, बाजूला ठेवतायत, पुन्हा खुडतायत. मेथी निवडताना तिची बोटं अगदी अशीच चालत. मला वाटलं, घर आठवतंय तिला. अंथरुणावरून असं काही वेचत राहणारे हात हिपोक्रेटिसच्या नावाने चालत आलेल्या ग्रंथातही आहेत. म्हणजे ही खूण दोन हजारांहून अधिक वर्षं माणसांना ठाऊक आहे. मी ती माया समजून बघत बसले.

ओळखलं ते वॉर्डातल्या मावशींनी. भांडं द्यायला आल्या, आत्याला कुशीवर वळवलं आणि म्हणाल्या, ‘ताई, कालच्या आजी या नव्हेत.’

हे वाक्य मी तुमच्या हातात ठेवते. त्यात रोगाचं नाव नाही, आकडा नाही. कालची आजी आणि आजची आजी शेजारी ठेवून बघणारा एक डोळा तेवढा आहे. तुमचं माणूस हल्ली जास्त गोंधळल्यासारखं वाटतं का, हा एकच प्रश्न जवळच्यांना विचारणं ही डेलिरियम हेरण्याची मान्य पद्धत आहे, हे मला नंतर वाचताना कळलं. मावशींनी तो प्रश्न विचारायच्या आधीच त्याचं उत्तर दिलं होतं.

मी आत्याला म्हटलं, ‘वार उलटे सांग गं. रविवार, शनिवार…’

‘रविवार,’ ती म्हणाली. ‘शनिवार. शुक्रवार.’ मग बराच वेळ काही नाही. ‘शुक्रवारी चणे आणायचेत.’ आणि नजर छताकडे गेली, ती परत आली नाही.

इथे घाई करू नका. शुक्रवारपाशी थांबलेल्या त्या माणसाजवळ जरा बसा. तिला वार माहीत होते. चणे माहीत होते, शुक्रवारचा आणि चण्यांचा संबंधही शाबूत होता. गुरुवारपर्यंत जायचं आहे, एवढंच हातातून गळून गेलं होतं. आपण स्मृती गेली, बुद्धी गेली म्हणतो. बहुतेक वेळा आधी जातो तो हा बारीक दोरा, एका वारावरून दुसऱ्या वारावर नेणारा.

१९९० मध्ये शॅरन इनोये यांनी डेलिरियम ओळखण्याची जी रीत मांडली तिचा पायाही हाच आहे. बदल अचानक आला आहे का आणि वरखाली होतोय का, हे पहिलं. लक्ष टिकतं का, हे दुसरं. ही दोन्ही हवीतच. त्यांच्या जोडीला बोलण्यातला विस्कळीतपणा किंवा जागेपणातला फरक, यांतलं एक दिसलं तरी पुरे. ओरडणारा रुग्ण लगेच ओळखला जातो, कारण तो सगळ्यांना जागं ठेवतो. गप्प पडलेला निसटतो. माझ्या मते या आजाराबद्दल घराघरांत पोचवायची गोष्ट असेल तर ती हीच: म्हातारं माणूस अचानक ‘शहाण्यासारखं’ झालं तर घाबरावं, डॉक्टरांना हाक मारावी.

कारणं बहुतेक साधी निघतात. लघवीचा जंतुसंसर्ग, तुंबलेली लघवी, पोट साफ नसणं, अंगात पाणी कमी, सोडियम उतरलेलं, झोपेची किंवा सर्दीची एखादी गोळी. आत्याला लघवीचा संसर्ग होता आणि झोपेची गोळी चालू होती. तिचा चष्मा घरी देवघराच्या फळीवर राहिला होता, कानाचं मशीन पिशवीच्या तळाशी. म्हणजे आधीच सुटू बघणाऱ्या दोऱ्याची दोन टोकं आम्हीच काढून घेतली होती.

इनोये यांनी पुढे न्यू हेवनला सत्तर वर्षांपुढच्या ८५२ रुग्णांवर एक अभ्यास केला, तो १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. औषध काही नव्हतंच. चष्मा द्यायचा, कानाचं यंत्र द्यायचं, पाणी पाजायचं, रोज चालवायचं, आज कोणता वार ते सांगत राहायचं, झोपेच्या गोळीऐवजी गरम दूध आणि पाठीला मालिश. नेहमीच्या उपचारांत शंभरातल्या १५ जणांना डेलिरियम झाला, या देखभालीत ९.९ जणांना. गरम दूध आणि पाठीवरचा हात यांनी हलवलेला हा आकडा मला माझ्या क्षेत्रातल्या पुष्कळ चकचकीत आलेखांपेक्षा मोठा वाटतो.

आता आत उतरू. सावकाश, पायरी-पायरीने.

मूत्राशयात जंतू आहेत, आणि मूत्राशय तर मेंदूपासून किती लांब. मग खाली पेटलेल्या आगीने वरचा वार कसा विसरायला होतो? शरीरातल्या रक्षक पेशी जंतू पाहून सांगावे धाडतात. हे सांगावे म्हणजे प्रथिनंच, सायटोकाइन नावाची. प्रथिन म्हटलं की आपल्याला डाळ आठवते, आणि ते बरोबरच आहे. १९३० च्या दशकात बंगळूरला कमला भागवत, म्हणजे पुढच्या कमला सोहोनी, दुर्गाबाई भागवतांच्या भगिनी, डाळींतली प्रथिनं अशीच एकेक वेगळी काढत, मोजत बसल्या होत्या. आत्याच्या शुक्रवारच्या चण्यांत जे आहे त्याच जातीची, अमिनो आम्लांच्या मण्यांची माळ तिच्या रक्तातून निरोप घेऊन चालली होती.

मेंदूच्या दाराशी राखण असते. पण निरोप आत पोचतो. आत मायक्रोग्लिया नावाच्या पेशी आहेत. १९१९ मध्ये स्पेनच्या पीओ देल रीओ-ओर्तेगा यांनी त्यांना वेगळं ओळखलं. एरवी त्या झाडलोट करणाऱ्या, शांत असतात. कोल्म कनिंगहॅम आणि सहकारी यांनी २००५ मध्ये उंदरांवर जे दाखवलं ते मला फार काळ सोडत नव्हतं. मेंदू आधीच हळूहळू झिजत असेल तर या पेशी सावध होऊन बसलेल्या असतात. मग जंतूंच्या कवचातला थोडासा अंश शरीरात गेला तरी त्या निरोगी मेंदूपेक्षा कितीतरी जोराने पेटतात. ठिणगी तीच असते, गवत वाळलेलं असतं. आत्याचं वय तेव्हा ब्याऐंशी होतं.

माणसाच्या मेंदूत डोकावायची एक वाट खुब्याच्या ऑपरेशनमधूनच जाते. भूल देण्यासाठी पाठीच्या मणक्यांमध्ये सुई घालतात तेव्हा मेंदूभोवतीचं पाणी, नितळ, थेंबाथेंबाने दिसतं. ऑस्लोच्या संशोधकांनी रुग्णांच्या संमतीने ते काही थेंब जपून ठेवले आणि नंतर कुणाला डेलिरियम झाला, कुणाला नाही, याच्याशी ताडून पाहिले. अशा अभ्यासांत न्यूरोफिलामेंट लाइट नावाचं प्रथिन डेलिरियम झालेल्यांत जास्त आढळलं आहे. ते मज्जातंतूंच्या आतला कणा असतं. तंतूला इजा झाली की बाहेर झिरपतं. म्हणजे हा नुसता चार दिवसांचा गोंधळ नसतो, मागे जखमही राहू शकते.

त्या थेंबांचं पुढे काय होतं ते मी रोज बघते. उणे ८० अंशांतून काढलेली नळी बर्फावर वितळू द्यायची, कारण उबेला प्रथिन बिघडतं. पोस्टकार्डापेक्षा थोडी लहान प्लास्टिकची ताटली, तिच्यात आठ ओळी, बारा रांगा, ९६ खळगे. प्रत्येक खळग्यात पिपेटने मोजून काही मायक्रोलिटर. एक खळगा चुकला, विचार भरकटला, की पुढची ओळ एक घर सरकते आणि दिवस वाया. धुवायचं, थांबायचं, पुन्हा धुवायचं. शेवटी रंगद्रव्य घातलं की खळगे निळे होऊ लागतात, आम्लाचा थेंब पडला की निळ्याचे पिवळे होतात. जिथे प्रथिन जास्त तिथे पिवळा गडद. त्या ताटलीवर वाकलेली असताना मला आता शुक्रवारपाशी थांबलेली आत्या आठवते. बोट चौथ्या खळग्यावर ठेवून मी पाचव्याकडे जाते.

आणखी एक प्रयोग मनात धरा. अमेरिकेत बेथेस्डाला क्रिश्चन ॲनफिन्सन यांनी रायबोन्यूक्लिएज हे १२४ मण्यांचं प्रथिन घेतलं. युरिया आणि आणखी एक रसायन घालून त्याची घडी पार उकलली, आतले चार सांधे तोडले. नुसता सैल दोरा उरला, काम बंद. मग ती रसायनं काढून घेतली. दोऱ्याने आपली घडी आपणच पुन्हा घातली आणि काम सुरू झालं. त्या आठ टोकांचे चार सांधे जुळायच्या १०५ रीती आहेत, त्यांतली योग्य ती एक त्याला सापडली. पण युरिया आत असतानाच सांधे जुळवले, तेव्हा ते कसेही जुळले आणि कामाची ताकद जेमतेम शंभरात एक उरली. त्या गुंत्यात सांधे सैल करणाऱ्या रसायनाचा अंश घालून वाट पाहिल्यावर, सुमारे दहा तासांनी, तोही सुटून नीट घडीला आला. १९७२ चं नोबेल या कामाला मिळालं.

आत्याजवळ बसून मला हा प्रयोग सारखा आठवायचा, आणि दर वेळी मी स्वतःला थांबवायची. डेलिरियममध्ये मेंदूतली प्रथिनं अशी उकलत नाहीत. ती माझ्या मनाने शोधलेली सोय होती. शिवाय माणूस दर वेळी पूर्वीच्या घडीला परत येतोच असंही नाही. मला त्यातून घ्यायचं होतं ते एवढंच, की आधी युरिया काढायचा. गोळी बंद झाली, संसर्गावर औषध सुरू झालं, चष्मा आला, कानात मशीन बसलं, खिडकीचा पडदा सकाळी उघडला. मग आम्ही ‘हे आठवतं का, ते आठवतं का’ विचारणं सोडून दिलं.

ती परत आली ती तुकड्यातुकड्यांनी. सकाळी नाव घेऊन हाक मारायची, संध्याकाळी मला तिची आई समजायची. असे नऊ दिवस गेले. आजही डेलिरियम पक्का ठरवणारी रक्ततपासणी वॉर्डात नाही. माझ्या पिवळ्या खळग्यांतून ती कधी तरी निघावी, यासाठी मी काम करते. तोवर उशाशी बसलेलं माणूस आहे.

दहाव्या दिवशी सकाळी तिच्या चादरीवरची बोटं थांबलेली होती. मी तिचा हात हातात घेतला. तुम्हीही तुमचा घ्या, सुरुवातीला घेतला होता तसाच. तिला इंग्रजी अक्षरं यायची नाहीत, म्हणून मी म्हटलं, ‘मी ‘मा’ म्हटलं की दाब.’ आणि सावकाश सुरू केलं.

का. मा. ला. रा. मा.

मध्ये दोन-तीन सेकंद जाऊ देत.