क्षमा आणि लोहाचा डाग

क्षमा करणें म्हणजे विसरणें, अशी समजूत आपल्या समाजांत रूढ आहे. झालें गेलें गंगेला मिळालें, असें आपण सहज म्हणतों. परंतु कोणतीही इजा अशी निःशेष वाहून जाते काय? या प्रश्नीं मानवी मेंदूची साक्ष काढण्याजोगी आहे.

मेंदूंतील रक्तवाहिनी फुटून अर्धांगवायू झाला म्हणजे रक्त तेथील पेशीजालांत सांडतें. त्यांतील तांबड्या पेशी हळूहळू फुटतात. मग भक्षक पेशी येऊन तें रक्त गिळतात व त्याच्या रंगद्रव्याचें विघटन करितात. त्यापासून दोन नवीं द्रव्यें होतात. पहिलें, तपकिरी हेमोसिडेरिन. यांत लोह असतें, व तें कांहीं दिवसांतच दिसूं लागतें. दुसरें, सोनेरी पिंवळें, लोहरहित हेमॅटॉयडिन. यास एकदोन आठवडे लागतात. जर्मन पंडित रुडॉल्फ व्हिर्चो यानें १८४७ सालीं त्याचें वर्णन केलें. पुढें गुठळी विरते, लहानशी पोकळी उरते. पण तिच्या कडेचा गंजाच्या रंगाचा डाग वर्षानुवर्षें टिकतो.

हा डाग कां राहतो? मोकळें लोह पेशींस विषासारखें बाधतें. शरीर तें बांधून ठेवितें, आणि त्या बांधून ठेवण्याचीच ही खूण होय.

आमच्या ज्येष्ठ बंधूंस असा रक्तस्राव झाला, त्यास आठ वर्षें झालीं. मागाहून काढलेल्या एम. आर. आय. चित्रांतील काळसर डाग डॉक्टरांनीं आम्हांस दाखविला होता. त्या दुखण्यापूर्वीं घराच्या वांटणीवरून आम्ही त्यांस जे बोललों, तें येथें लिहिण्याचें धैर्य होत नाहीं. ते सावरल्यावर घरचीं माणसें म्हणालीं, "दादा तें सारें विसरले असतील." आम्हांसही तें सोयीचें वाटलें. गेल्या दिवाळींत मात्र त्यांनीं डाव्या हातानें आमचा हात धरिला आणि अडखळत म्हटलें, "मला सगळं आठवतं. तूं येत जा."

विस्मरणाची क्षमा आम्हांस फुकट मिळाली असती. ही त्यांनीं जाणून दिली.

उपमा म्हणजे प्रमाण नव्हे, हें आम्ही जाणतों. पेशी आपलें काम एकदां करून मोकळी होते; मनुष्यास तें प्रत्यहीं नव्यानें करावें लागतें. म्हणून ज्यानें दुखविलें, त्यानें "विसरा आतां" असें म्हणण्याचा अधिकार सांगूं नये. समोरच्यानें विष बांधून ठेविलें आहे, याची जाणीव ठेवून त्याच्या घरीं जात राहावें.