ती बॅग काढ आधी

ती बॅग काढ आधी तिथून. चार बाण मधल्या माणसांकडे वळलेली ती हिरवी पाटी खुंटी नव्हे. मस्टर स्टेशन म्हणजे काय, संकटात सगळ्यांनी कुठे जमायचं, हे कालच्या पेपरात तू कोरं सोडलंस आणि आज त्यावरच सामान टांगलंस!

वर ऐकवतोस, ‘सर, बोटीवर गेलो की कळेलच.’ कधी कळेल? सात आखूड आणि एक लांब असा संकटाचा भोंगा वाजल्यावर? तेव्हा पाटी वाचत बसायला वेळ नसतो रे, पाय आपोआप वळावे लागतात.

अरे, जूचंद्रचा पोरगा तू! आपल्या गावात रांगोळीनं माणसाचा चेहरा हुबेहूब काढतात, गालावरची एक छटा चुकली तर पुसून पुन्हा भरतात. आणि तू लिहितोस, लाल-हिरव्या पाट्या ‘माहितीसाठी’! हिरवी म्हणजे सुटकेची वाट, लाइफजॅकेट, तराफा. लाल म्हणजे आग विझवायचं सामान. त्यांवर चित्रंच का? कारण जहाजावर फिलिपिनो, युक्रेनियन, आपला कोकणी गडी, सगळे एकत्र असतात. २०१७ साली आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेनं या खुणा नव्यानं ठरवल्या त्या उगाच नाही.

प्रवासी जहाजाच्या बोळांत नि जिन्यांत डेकपासून फार तर ३० सेंटिमीटर उंचीवर उजळणारी पट्टी का असते, तेही लिहिलं नाहीस. धूर वर चढतो. दिवे जातात. माणूस गुडघ्यांवर रांगत निघतो, मग डोळ्यांसमोर काय असणार? छताखालचा बोर्ड? त्या पट्टीवर तू उद्या खोका ठेवशील, मागून येणारा अंधारात चाचपडेल. याचा मला खरा संताप आहे.

१८ डिसेंबर २०२४ला घारापुरीकडे निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळली. १५ जण गेले. बहुतेक प्रवाशांच्या अंगात लाइफजॅकेट नव्हतं. ते प्रवासी होते, त्यांना कुणी सांगायला हवं होतं. सांगणारा तू असणार आहेस, आणि तुलाच ठाऊक नाही!

खाली मान घालू नकोस, वही काढ. रविवारी वसई-भाईंदर रो-रोनं जा. मोबाइल खिशात ठेव. लाइफजॅकेट कुठे, लाइफबॉय कुठे, अग्निशामक कुठे, बाहेरची वाट कुठून, प्रत्येक खूण हातानं काढून आण. रंगासकट. सोमवारी पहिल्या तासाला फळ्यापाशी तूच उभा राहशील.