अपेक्षाभंग आणि निवाडा

'या कृतीने निराशा केली' हे विधान समीक्षेत निवाड्यासारखे वापरले जाते; परंतु ते निवाडा असतेच असे नाही. 'कृती सदोष आहे' या विधानाचा विषय कृती हा असतो. 'कृतीने निराशा केली' या विधानाचा विषय मात्र कृती आणि आस्वादक यांच्यातील संबंध हा असतो. या दोहोंतील अंतर बुजविले गेले, की एक नैतिक प्रश्न उपस्थित होतो : आस्वादकाच्या अपेक्षेची पूर्ती करण्याचे ऋण कलावंतावर असते काय?

पॉल मॅकार्टनी यांची 'रॅम' ही ध्वनिमुद्रिका या प्रश्नाच्या दृष्टीने उद्बोधक आहे. बीटल्समधून मॅकार्टनी बाहेर पडल्याचे एप्रिल १९७० मध्ये जाहीर झाले. भागीदारी विसर्जित करण्यासाठी त्यांनी त्याच वर्षाच्या अखेरीस न्यायालयात धाव घेतली. त्याच सुमारास जॉर्ज हॅरिसन यांचा तीन तबकड्यांचा संच आणि जॉन लेनन यांची आत्मकथनपर ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध होऊन गौरविली गेली होती. मे १९७१ मध्ये पॉल आणि लिंडा मॅकार्टनी या उभयतांच्या नावे 'रॅम' आली. ब्रिटनमध्ये ती विक्रीच्या यादीत अग्रस्थानी पोहोचली. समीक्षकांनी मात्र तिची कठोर संभावना केली. 'रोलिंग स्टोन'मधील आपल्या परीक्षणात जॉन लँडाऊ यांना तीत साठच्या दशकातील रॉक संगीताच्या विघटनाचा नीचांक दिसला. लेनन यांचा अंकुश सुटल्यामुळे मॅकार्टनी यांच्यातील गोडगुलाबी प्रवृत्ती मोकाट सुटली, असा त्यांच्या प्रतिपादनाचा रोख होता.

या आक्षेपाची घडण पाहण्यासारखी आहे. त्यात 'रॅम'मधील गाण्यांची तुलना अस्तित्वात असलेल्या कोणत्याही कृतीशी नाही. विघटन झाले नसते तर निर्माण झाली असती, अशा एका काल्पनिक कृतीशी आहे. हान्स रॉबर्ट याउस यांनी मांडलेली 'अपेक्षाक्षितिजा'ची संकल्पना येथे उपयोगी पडते. प्रत्येक कृती पूर्वानुभवाने घडलेल्या क्षितिजावरच अवतरते, आणि त्या क्षितिजापासूनचे तिचे अंतर हेच याउस यांच्या मते तिच्या कलात्मक मूल्याचे एक गमक ठरू शकते. परंतु १९७१ चे क्षितिज केवळ संगीतविषयक संकेतांचे नव्हते. त्यात एका मैत्रीचा अंत आणि एका पिढीच्या स्वप्नाची अखेर यांचाही अंतर्भाव होता. अभिनवगुप्तांनी रसप्रतीतीच्या विघ्नांत स्वतःच्या सुखदुःखाने विवश होण्याची गणना केली आहे. शोकमग्न श्रोता वाईट श्रोता असतो असे नाही. तथापि त्याचा शोक हा कृतीचा गुणधर्म नव्हे.

एवढ्यावरून अपेक्षाभंग सर्वस्वी अप्रस्तुत ठरविणे मात्र घाईचे होईल. तसे केल्यास प्रत्येक दुबळ्या कृतीला श्रोत्याच्या पूर्वग्रहाची ढाल मिळेल. यासाठी अपेक्षेचे तीन प्रकार वेगळे करावे लागतात. पहिली अपेक्षा म्हणजे भाकीत : पूर्वकृतींवरून बांधलेला अंदाज. तो चुकला तर अंदाज बांधणारा चुकतो. दुसरी अपेक्षा म्हणजे हक्क : कलावंताने अमुक द्यावेच, ही मागणी. अशा मागणीला वचनाचा आधार हवा; आणि बीटल्सने आजन्म एकत्र राहण्याचे वचन कोणालाही दिलेले नव्हते. तिसरी अपेक्षा कृती स्वतःच जागवते. तिचा भंग झाला, तर तो कृतीचा दोष होय. केवळ याच अपेक्षाभंगाचे निवाड्यात रूपांतर होऊ शकते.

येथे एक आक्षेप संभवतो. कृती आणि कलावंताचा पूर्वेतिहास यांची अशी फारकत करता येते काय? 'रॅम'च्या पहिल्याच गाण्यात लेनन यांना उद्देशून टोमणे आहेत, आणि लेनन यांनी त्याच वर्षी आपल्या गाण्यातून त्यांना जहरी उत्तर दिले. मॅकार्टनी हे नाव गतवैभवाच्या बळावरच बाजारात उभे होते. म्हणजेच कृतीने स्वतःच भूतकाळाला आमंत्रण दिले होते. हा आक्षेप मान्य करावा लागतो. परंतु त्यामुळे त्या टोमण्यांची कलात्मक सिद्धी तपासण्याचा अधिकार तेवढा मिळतो, संपूर्ण कृतीला फुटलेल्या घराचा अवशेष मानण्याचा नाही.

अपेक्षाभंगाचे नैतिक स्वरूप सर्वांत स्पष्ट होते ते लिंडा यांच्या बाबतीत. हक्क नाकारला गेल्याची भावना झाली, की तिला अपराधी लागतो. व्यवसायाने छायाचित्रकार असलेल्या लिंडा यांच्या सहरचनाकार म्हणून झालेल्या उल्लेखावर गीतांच्या प्रकाशन-हक्कधारकांनी न्यायालयीन वाद उपस्थित केला. त्यांच्या गायनाची दीर्घकाळ चेष्टा झाली. 'रॅम'मधील स्वररचनेत त्यांच्या आवाजाचे प्रत्यक्ष कार्य कोणते, हा समीक्षेचा साधा प्रश्न मात्र बाजूलाच राहिला. निराशेने येथे ऐकण्याची जागा घेतली, आणि तिचे मूल्य तिसऱ्याच व्यक्तीला चुकवावे लागले.

पुढे चित्र पालटले. २०१२ मधील पुनःप्रकाशनाच्या वेळी 'रॅम'चे मोठे कौतुक झाले. 'रोलिंग स्टोन'नेच २०२० मध्ये सर्वश्रेष्ठ पाचशे ध्वनिमुद्रिकांच्या यादीत तिचा समावेश केला. काळाने न्याय दिला, असे म्हणण्याचा मोह येथे होतो. परंतु घरगुती, विस्कळीत, खेळकर रचनेची गोडी लागलेल्या नव्या श्रोत्यांचेही एक क्षितिज आहेच. पूर्वीची निंदा जशी क्षितिजसापेक्ष, तशी ही स्तुतीही. उत्तरकाळ हा अधिक निःपक्ष असतोच असे नाही. त्याचे दुःख निराळे असते, एवढेच.

म्हणून समीक्षकाकडून अपेक्षाशून्य होण्याची मागणी व्यर्थ आहे. मागणी करायची ती एवढीच : आपली निराशा कोणत्या अपेक्षेतून उद्भवली, आणि ती अपेक्षा कृतीने जागविली की आपण तिच्यावर लादली, हे त्याने निवाड्यापूर्वी उघड करावे. कलावंत आस्वादकाला त्याचा भूतकाळ परत करण्यास बांधलेला नसतो. आस्वादक मात्र समोर असलेली कृती ऐकण्यास निश्चितच बांधलेला असतो.