नाशवंतातील टिकाऊपण

ज्या वस्तूचा प्रत्येक अवयव आज ना उद्या निकामी होणार हे आधीच ठाऊक आहे, त्या अवयवांच्या जुळणीतून भरवशाचे असे काही उभे राहू शकते काय, हा प्रश्न वरकरणी यंत्रविद्येचा वाटला तरी मुळात तो भारतीय दर्शनांनी नित्य आणि अनित्य या शब्दांखाली दीर्घकाळ चर्चिलेला प्रश्न आहे. घरातील ध्वनिमुद्रणे, चित्रफिती आणि छायाचित्रे एके ठिकाणी साठवून ती घरच्या टीव्हीला व मोबाइलला पुरवणाऱ्या संगणकाला मीडिया सर्व्हर म्हणतात. त्याला अनेक हार्ड डिस्कांचे कोठार जोडताना कोणती मांडणी विश्वासार्ह मानावी, याचा निर्णय करणारा मनुष्य नकळत त्याच जुन्या चर्चेत सहभागी होतो.

बीडहून मांजरसुंब्यावरून केजकडे जाणाऱ्या वाटेवरील नेकनूर हे या प्रश्नाचा विचार करण्यास योग्य गाव आहे. विष्णुबुवा जोग यांनी 1917 साली आळंदीत वारकरी शिक्षण संस्था स्थापन केली आणि कीर्तनकार घडवण्याची, म्हणजे अभंग, ओव्या व त्यांचे निरूपण एका कंठातून दुसऱ्या कंठात उतरवण्याची, शिस्तबद्ध व्यवस्था उभी केली. त्यांच्या शिष्यवर्गातील बंकटस्वामींचे संस्थान नेकनूरला आहे. अशा गावातील एखाद्या घरात सप्ताहातील कीर्तनांच्या कॅसेटी, काल्याच्या कीर्तनाचे मोबाइलवरील चित्रण, लग्नांच्या सीडी आणि आजीच्या आवाजातील जात्यावरच्या ओव्या साठलेल्या असतील, तर त्यांचे जतन हा केवळ सोयीचा विषय राहत नाही. बाजारातून आणलेला चित्रपट हरवला तर तो पुन्हा मिळतो. दिवंगत आजीचा आवाज हरवला तर तो मिळत नाही. म्हणून डिस्क निवडण्याच्या आधी करावयाचा विवेक हा आहे की, साठ्यातील काय पुन्हा मिळवता येण्याजोगे आहे आणि काय नाही. वेदान्ताने साधकाच्या पहिल्या योग्यतेला नित्यानित्यवस्तुविवेक म्हटले, ते मोक्षाच्या संदर्भात. परंतु टिकणारे आणि न टिकणारे यांची गल्लत न करण्याची ही सवय व्यवहारातही तितकीच पायाभूत आहे.

पातंजल योगसूत्रांवरील व्यासभाष्यात नित्यतेचे दोन प्रकार सांगितले आहेत. जे कोणत्याही बदलाशिवाय जसेच्या तसे असते त्याची नित्यता कूटस्थ होय. कूट म्हणजे लोहाराची ऐरण, जिच्यावर घाव पडतात पण जी स्वतः बदलत नाही. जे सतत बदलत असूनही ज्याचे तत्त्व नष्ट होत नाही त्याची नित्यता परिणामी होय, आणि नदीच्या दृष्टान्तावरून पुढे अशा टिकण्याला प्रवाहनित्यता हा शब्दही रूढ झाला. हार्ड डिस्क विकत घेणारा बहुतेक वेळा पहिल्या प्रकारच्या शोधात असतो. जी कधीच बिघडणार नाही अशी डिस्क कोणती, असे तो विचारतो. या प्रश्नाला उत्तर नाही, कारण मिनिटाला पाच ते सात हजार फेरे घेणाऱ्या तबकड्या आणि त्यांच्यापासून केसाच्या जाडीहूनही कितीतरी कमी अंतरावर तरंगणारे वाचनशीर्ष यांचे यंत्र झिजणारच आहे. योग्य प्रश्न असा की, डिस्का बदलत राहिल्या तरी त्यांवरील आशय वाहता राहील अशी मांडणी कोणती.

बीड जिल्ह्याच्या वाङ्मयेतिहासात या दोन्ही वृत्ती आढळतात. अंबाजोगाईच्या दासोपंतांनी (1551–1615) सुमारे चाळीस फूट लांब आणि चार फूट रुंद कापडावर पंचीकरणाचा, म्हणजे पंचमहाभूतांच्या मिश्रणातून सृष्टी कशी घडते याचा, विषय लिहिला. ती पासोडी हे एका वस्तूवर ठेवलेल्या विश्वासाचे भव्य उदाहरण आहे, आणि त्या कापडाला पडणारा प्रत्येक विटका डाग हा त्याच कारणाने कधीही भरून न येणारा तोटा आहे. याच्या उलट त्याच जिल्ह्यातील स्त्रियांच्या जात्यावरच्या ओव्या कोणत्याच एका वस्तूवर लिहिलेल्या नव्हत्या. त्या हजारो कंठांत एकाच वेळी नांदत होत्या आणि एक कंठ शांत झाल्याने हरवत नव्हत्या. पिठाची गिरणी आली, पहाटेचे दळण थांबले आणि सगळे कंठ एकाच कारणाने एकाच काळात मुके होऊ लागले, तेव्हा हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ या संशोधकांना महाराष्ट्रातील हजाराहून अधिक गावांतून लाखाहून अधिक ओव्या गोळा कराव्या लागल्या; त्या संग्रहात माजलगावच्या स्त्रियांचा आवाजही आहे. एक प्रत धोक्याची असते हे पासोडीवरून कळते, तर पुष्कळ प्रतीदेखील एकाच संकटाच्या छायेत असतील तर धोका टळत नाही हे ओव्यांवरून कळते.

अनेक डिस्कांच्या मांडणीला रेड हे नाव 1988 साली कॅलिफोर्नियातील बर्कली येथील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांच्या निबंधाने मिळाले. महागडी एकच डिस्क घेण्याऐवजी स्वस्त डिस्का घेऊन त्यांवर माहितीची जास्तीची नोंद ठेवावी, म्हणजे एक गेली तरी काम अडत नाही, हा त्यांचा विचार होता. जास्तीच्या नोंदीला पुनरुक्ती म्हणता येईल, आणि न्यायशास्त्राने पुनरुक्तीला वादातील पराभवाच्या कारणांत, म्हणजे निग्रहस्थानांत, गणले आहे. मात्र त्याच शास्त्राने अनुवादाला, म्हणजे प्रयोजन असलेल्या पुन्हा सांगण्याला, त्या दोषातून वगळले. डिस्कांवरील पुनरुक्ती या अर्थाने अनुवाद आहे. तिच्यात वाया गेलेली वाटणारी जागा ही नाशाच्या निश्चितीची आधीच मोजलेली किंमत आहे.

या अनुवादाच्या दोन मुख्य रीती आहेत. पहिलीला आरसा म्हणतात. दोन डिस्कांवर तेच लिहिले जाते, अर्धी जागा खर्ची पडते, परंतु एक डिस्क गेल्यास दुसरीवरून सरळ नक्कल करता येते. दुसरीत पूर्ण प्रत न ठेवता ताळा ठेवला जातो. तीन डिस्कांवर 7, 4 आणि 9 हे आकडे असतील आणि चौथीवर त्यांची बेरीज 20 असेल, तर दुसरी डिस्क गेल्यावर 20 मधून 7 आणि 9 वजा करून हरवलेला 4 परत मिळतो. प्रत्यक्षात बेरजेऐवजी शून्य-एकांची सम-विषम तपासणी असते, पण तत्त्व हेच. आठ टेराबाईटच्या चार डिस्का घेतल्या तर एकेरी ताळ्याच्या मांडणीत, म्हणजे रेड पाचमध्ये, 24 टेराबाईट जागा मिळते आणि एक डिस्क गेलेली चालते. दुहेरी ताळ्याच्या रेड सहामध्ये 16 टेराबाईट मिळते आणि कोणत्याही दोन गेलेल्या चालतात. आरशाच्या दोन जोड्यांतही 16 टेराबाईट मिळते, पण एकाच जोडीतील दोन्ही गेल्या तर त्या जोडीवरचे सारे जाते. एकेरी ताळ्यातील खरा धोका नवी डिस्क बसवल्यावर उद्भवतो, कारण हरवलेले पुन्हा मोजून काढण्यासाठी उरलेल्या तिन्ही डिस्का, म्हणजे 24 टेराबाईट, आरंभापासून अखेरपर्यंत वाचाव्या लागतात. घरगुती डिस्कांच्या तपशिलात न वाचता येणाऱ्या बिटांची कमाल मर्यादा बहुधा एकावर चौदा शून्ये इतक्या बिटांत एक, म्हणजे सुमारे साडेबारा टेराबाईटमागे एक, अशी दिलेली असते. प्रत्यक्षात डिस्का यापेक्षा चांगल्या वागत असल्या तरी मोठ्या डिस्कांना एकेरी ताळ्याच्या भरवशावर सोडणे शहाणपणाचे नाही. एकाच वेळी, एकाच खोक्यातून घेतलेल्या डिस्का एकाच सुमारास थकण्याचा संभव असतो, म्हणून त्या वेगवेगळ्या वेळी किंवा वेगवेगळ्या बनावटीच्या घेणे इष्ट. काही डिस्कांत कौलांप्रमाणे एकावर एक चढवलेल्या रेघांत लिहिलेले असते. अशा डिस्का सलग लेखनाच्या ताणाखाली मंदावतात, म्हणून रेडसाठी त्या टाळाव्यात.

याहून सूक्ष्म प्रश्न प्रामाण्याचा, म्हणजे ज्ञान खरे आहे हे कशावरून मानावे, याचा आहे. मीमांसकांच्या मते ज्ञान स्वतः प्रमाण असते. बाधक ज्ञान पुढे येईपर्यंत त्यावर अविश्वास ठेवण्याचे कारण नाही. नैयायिकांच्या मते ज्ञानाचे प्रामाण्य परतः, म्हणजे बाहेरील कसोटीने, ठरते. साधा आरसा मीमांसकासारखा वागतो. डिस्कने वाचून दिलेले तो खरे मानतो, आणि डिस्कने तक्रार न करता चुकीचा बिट दिला, तर तो चुकीचाच कीर्तनाच्या मुद्रणात शिरतो. दोन प्रतींत फरक आढळलाच, तर कोणती खरी हे सांगणारा तिसरा तिथे नसतो. सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीत घडलेली आणि 2005 साली खुली झालेली झेडएफएस ही फाइल मांडणी नैयायिकाच्या पक्षाची आहे: ती प्रत्येक तुकड्याची गणिती खूण त्या तुकड्यापासून वेगळी ठेवते, वाचताना ती पडताळते, आणि विसंगती आढळताच आरशातील शुद्ध प्रतीवरून अशुद्ध प्रत दुरुस्त करते. बीटीआरएफएस ही मांडणीही याच जातीची.

ही पडताळणी मराठी मुलखाला नवी नाही. वेदपाठकांनी संहितेबरोबर पद, क्रम, जटा आणि घन असे पाठ जपले, ज्यांत शब्दांच्या जोड्या उलटसुलट क्रमाने म्हटल्या जातात, आणि अनुक्रमणींत सूक्तांची व ऋचांची मोजदाद ठेवली. अर्थ जपण्याआधी अक्षर ढळू न देण्याची ती व्यवस्था होती. पैठणच्या एकनाथांनी शके 1506, म्हणजे इसवी सन 1584, मध्ये ज्ञानेश्वरीच्या प्रती पडताळून तिचा शुद्ध पाठ सिद्ध केला, तो याच कारणाने की नकलांची संख्या वाढली म्हणून शुद्धता वाढत नाही. आरशाला साक्षी लागतो, आणि तो साक्षी आरशाहून निराळा असावा लागतो.

तरीही रेड म्हणजे बॅकअप नव्हे. घरातील कोणी चुकून एखादी फाइल पुसली, तर आरसा ते पुसणेही निष्ठेने दुसऱ्या डिस्कवर उतरवतो. चोरी, आग किंवा विजेचा लोळ आला तर एकाच पेटीतील सर्व डिस्का एकत्रच जातात. लाइट अवचित गेली, तर ताळ्याच्या मांडणीत माहिती लिहिली जाते पण ताळा लिहायचा राहतो, आणि पुढे त्याच ताळ्यावरून चुकीचे उत्तर निघू शकते. म्हणून मराठवाड्यातील घरात यूपीएस हा कोठाराचाच भाग मानावा, आणि उन्हाळ्यातील उष्णता व धूळ लक्षात घेऊन पेटी हवेशीर जागी ठेवावी. एका जागचे सारे एकदम जाण्याचा हा धोका जुनाच आहे. महानुभाव परंपरा सांगते की, चक्रधरस्वामींच्या आठवणींचा ग्रंथ असलेल्या लीळाचरित्राची मूळ पोथी परचक्राच्या धामधुमीत हरवली आणि अनुयायांनी आठवणीतून ती पुन्हा सिद्ध केली. ग्रंथ वाचला तो स्मरण दूरदूरच्या माणसांत विखुरलेले होते म्हणून, आणि त्याचे निरनिराळे पाठ ही त्या वाचण्याची खूण आहे. आज तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यांतील एक दुसऱ्या ठिकाणी, असा जो संकेत सांगितला जातो, त्याचे तात्पर्य हेच. नेकनूरच्या घरासाठी योग्य रचना म्हणून अशी सुचवता येते: दोन डिस्कांचा आरसा, त्यावर खुणा पडताळणारी फाइल मांडणी, महिन्यातून एकदा सर्व साठ्याची आपोआप तपासणी, आणि पुन्हा न मिळणाऱ्या भागाची वेगळी डिस्क, जी बीडला किंवा पुण्याला नातेवाइकांच्या घरी राहील आणि प्रत्येक दिवाळीला ताजी होईल. बाजारातून पुन्हा मिळणाऱ्या चित्रपटांसाठी एवढा खर्च करण्याची गरज नाही.

एक आक्षेप येथे विचारात घेतला पाहिजे. वैराग्य शिकवणाऱ्या परंपरेत एवढ्या निगुतीने साठवणे हा मोहच नव्हे काय? संग्रह आणि जतन यांतील भेद पाहिला तर याचे उत्तर मिळते. संग्रहात वस्तू आपल्यापाशी यावी अशी इच्छा असते. जतनात ती आपल्यामागेही असावी आणि दुसऱ्याच्या हाती सुखरूप जावी अशी इच्छा असते. वारकरी कीर्तनकार अभंग पाठ करतो तो मालकीसाठी नव्हे, आणि त्याचा अभंग त्याच्या देहाबरोबर संपत नाही, कारण तो आधीच शिष्याच्या कंठात उतरलेला असतो. डिस्कांच्या कोठाराचा धर्मही हाच ठरतो. त्याची किल्ली, त्याची मांडणी आणि डिस्क बदलण्याची रीत घरातील एकाच माणसाला ठाऊक असेल, तर तांत्रिकदृष्ट्या निर्दोष असलेले कोठारही एका प्रतीच्या पासोडीइतकेच असुरक्षित राहते. घरातील धाकट्या पिढीतील एकाला डिस्क बदलायला शिकवणे, कोणत्या कॅसेटवर कोणाचे कीर्तन आणि कोणत्या मुद्रणात कोणाची ओवी हे लिहून ठेवणे, आणि प्रत्येक दिवाळीला दुसऱ्या गावची प्रत उघडून ऐकून पाहणे, एवढे घडले तर विश्वास यंत्रावर न राहता यंत्र सांभाळणाऱ्यांच्या परंपरेवर राहतो. आणि नाशवंत अवयवांतून भरवशाचे काही उभे राहू शकते काय, या आरंभीच्या प्रश्नाला होकारार्थी उत्तर देता येते ते केवळ तेवढ्या अटीवर.